आमच्या गटप्रवर्तक ताईंना, जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे ग्रुपवर लिहिलं असतं तर तुम्ही नुसते हात जोडून विषय संपवला असता. म्हणून उघड पत्र लिहिते आहे. मेळघाटात एक गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर लक्ष ठेवून त्यांना मदत करणारी बाई, फोनवरून आम्हा आशांना कशी शिकवते, हे बाहेरच्या लोकांनाही कळू दे.

मॉड्यूल 6 आणि 7 चं, म्हणजे आई आणि बाळाच्या आरोग्याचं, प्रशिक्षण आम्हाला मिळालं होतं. पाच-पाच दिवसांचे चार टप्पे, चांगले झाले. पण छोट्या गावात कितीतरी दिवस बाळंतपणच होत नाही. मग एक दिवस अगदी कमी वजनाचं बाळ घरी येतं आणि वर्गात ऐकलेलं तेव्हा नेमकं आठवायला हवं असतं. मधल्या त्या काळात तुम्ही आम्हाला सोडलं नाहीत.

दर आठवड्याला तुमचा छोटासा व्हॉइस मेसेज येतो. त्यात एकच गोष्ट असते आणि शेवटी एक प्रश्न. लांबलचक पीडीएफ तुम्ही कधी पाठवली नाहीत. आमच्या गावात रेंज शाळेमागच्या उंचवट्यावरच मिळते, तिथे व्हिडिओ अडकतो, तुमचा आवाज मात्र उतरतो. काही जणी धारणीच्या बाजाराला आल्या की सगळे मेसेज एकदम घेतात आणि घरी जाऊन ऐकतात. तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघता, उशीर का झाला असं विचारत नाही.

श्वास मोजायचा व्हिडिओ तेवढा तुम्ही पाठवलात. झोपलेलं बाळ, पोट वर-खाली होतंय, बरोबर एक मिनिट. मोजा आणि आकडा मला एकटीला पाठवा, म्हणालात. प्रत्येकीचा आकडा वेगळा आला. कोणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली होती, कोणी छातीकडे बघत होती. तुम्ही कोणाचं नाव न घेता पुढच्या मेसेजमध्ये सांगितलंत: बाळ शांत असताना मोजायचं, पूर्ण मिनिट मोजायचं, 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, पुन्हा तेवढेच आले तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. नंतर तोच व्हिडिओ परत पाठवलात. तेव्हा आकडे जुळले. मला तरी खरं प्रशिक्षण तेच वाटतं. सरकारचा मोबाइल अकॅडमी हा फोनवर ऐकायचा अभ्यासक्रमही उपयोगी आहे, पण रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला उलट विचारत नाही. तुम्ही विचारता.

आणि डंब्याचा तो मेसेज! पोट फुगलं की तान्ह्या बाळाच्या पोटाला तापल्या सळईचे चटके द्यायचे, हे आमच्याकडे अजून पूर्ण थांबलेलं नाही. आम्ही सुना-लेकींच्या वयाच्या, आमचं म्हातारी माणसं का ऐकतील? तुम्ही त्यांना रागावण्याचा मार्ग धरला नाही. एका भूमकालाच, म्हणजे पूजा आणि गावठी उपचार करणाऱ्या माणसालाच, बोलतं केलंत, आमच्या कोरकू भाषेत. तो म्हणाला, पूजा मी करतो, पण चटका देऊ नका, बाळाला दवाखान्यात न्या. गेल्या थंडीत एका घरी सळई चुलीत ठेवलेली होती. मी फोन काढून तो आवाज आजीला ऐकवला. तिने पुन्हा लावायला सांगितला. मग सळई बाजूला झाली, मी 102 ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून गोधडी घेऊन ठेवलं. तेही तुमच्याच एका मेसेजमधलं. बाळ आता रांगतं. आजीच मला रस्त्यात थांबवून दाखवते.

घरोघर जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत आपल्या विदर्भातलीच, हेही तुमच्याकडूनच कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवलं, 1999 साली त्याचा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला आणि 2011 पासून देशभरातल्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाऊ लागल्या. हे ऐकल्यापासून वजनकाट्याची झोळी खांद्यावर घेताना मला अभिमान वाटतो.

ताई, तुम्ही हे सगळं स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर, दिवसभराच्या भेटी आणि अहवाल आटोपल्यावर करता. मेसेजमध्ये मागे तुमच्या मुलाचा अभ्यासाचा आवाज येतो. ते तास तुमच्या घरचे होते आणि तुम्ही ते आम्हाला दिलेत. त्यासाठी मनापासून आभार.

एक काम आहे. शेजारच्या गावात नवीन आशा लागली आहे, तिचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवते. तिला ग्रुपमध्ये घ्या आणि श्वास मोजायचा व्हिडिओ पुन्हा एकदा टाका. आम्हीही सगळ्या परत मोजू.

तुमचीच,
धारणी तालुक्यातली एक आशा