अवघडलेल्या बाईला पट्टा काढायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदरपणातील प्रवासावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कोणत्या महिन्यात जावं, सोबत कोणती कागदपत्रं घ्यावीत, सगळं त्यात आहे. गाडीतल्या सीटबेल्टबद्दल मात्र एकच ओळ: 'पट्टा जपून लावावा.' जपून म्हणजे कसा? मी तीस वर्षं भाड्याची गाडी चालवली. या 'जपून'चा लोक काय अर्थ लावतात, ते आरशात बघत आलो आहे.

अवघडलेली बाई गाडीत बसली की सोबतचं कुणीतरी आधी मला सांगतं, 'गाडी हळू घ्या.' आणि मग तिला, 'पट्टा नको गं लावूस, पोटावर दाब येईल.' पहिलं मला मान्य. दुसऱ्यावरून मी कितीतरी वेळा वाद घातले, एकदा तर त्यापायी भाडंही गेलं. त्याचं वाईट वाटत नाही.

आज गाड्यांत असतो तो कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला. त्यातली खुबी अशी, की हिसका बसला तर तो शरीराच्या मजबूत हाडांनी झेलावा, मऊ पोटाने नव्हे. गरोदर बाईलाही हेच लागू. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांना लागून, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा. वरचा पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने खाली आणायचा. तो काखेखालून किंवा पाठीमागून घ्यायचा नाही. बस्स, एवढंच. खालचा पट्टा बसल्या बसल्या वर सरकतो, तेवढा अधूनमधून खाली ओढावा लागतो.

पट्टा नसेल तर काय होतं? गाडी ताशी ५० किलोमीटरने जाताना कशावर आदळली तर गाडी थांबते, आतलं माणूस त्याच वेगाने पुढे जातं आणि पोट डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आपटतं. माझी लेक परिचारिका आहे. ती सांगते, गर्भपिशवी ताणली जाते, पण तिला चिकटलेली, बाळाला पोसणारी वार तशी ताणत नाही, त्यामुळे जोराच्या धक्क्याने वार सुटू शकते. बाहेर खरचटलेलंसुद्धा नसतं. म्हणून धक्का किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. स्वतः गाडी चालवणाऱ्या बाईने छाती आणि स्टिअरिंग यांत २५ सेंटिमीटर तरी अंतर ठेवावं. पोट वाढलं की हे जमेनासं होतं. मग दुसऱ्याला चालवू द्यावं. शेजारच्या सीटवर बसायचं तर सीट जमेल तितकी मागे घ्यावी.

गचक्यांची भीती मात्र उगाच वाढवून ठेवली आहे. सुरुवातीच्या महिन्यांतले गर्भपात बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे नव्हे, हे मला लेकीकडूनच कळलं. (त्याआधी मीही गतिरोधक दिसला की देवाचं नाव घ्यायचो.) गचक्यांनी आईची कंबर भरून येते हे खरं. बसमध्ये म्हणूनच मागच्या चाकांच्या मागे बसू नये, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरावी.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. 'थांबायचं का?' असं विचारलं की या बायका 'नको' म्हणतात. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून लघवी दाबून धरतात, त्याहून वाईट म्हणजे पाणीच पीत नाहीत. मग मी विचारायचं सोडलं आणि दर दोन तासांनी टायरची हवा बघायच्या निमित्ताने थांबू लागलो. उतरून चार पावलं चालणं एरवीही गरजेचं असतं. या दिवसांत रक्त लवकर गोठतं, पायांतल्या शिरांवर गर्भपिशवीचा भार असतो आणि तासन्‌तास बसून राहिलं तर पोटरीत गाठ होण्याचा धोका वाढतो. एकच पाय सुजला, दुखायला लागला तर तो प्रवासाचा थकवा समजू नये. विमानातही हेच.

विमानाचं एकच सांगतो. बऱ्याच कंपन्या साधारण ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, जुळं असेल तर ३२ पर्यंत, आणि २८ नंतर डॉक्टरांचं पत्र मागतात. माझ्या गाडीने विमानतळावर गेलेल्या एका जोडप्याने जाण्याचा आठवडा नीट मोजला, परतीचा मोजलाच नाही. परत आले ते रेल्वेने, दोन दिवस उशिरा.

आता विनंती. पुढच्या पुरवणीत गरोदर बाईने पट्टा कसा लावायचा याचं एक चित्र छापा, हाताएवढं तरी मोठं. शब्दांवरून वाद होतात, असा माझा अनुभव आहे. आता माझी गाडी मुलगा चालवतो. ते चित्र कापून मी त्याच्या मागच्या सीटसमोर चिकटवणार आहे.

आपला,
एक निवृत्त चालक