‘दिशा राखता आली नाही’, पण का? : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

शेपटीखाली चाक असलेली, म्हणजे टेलव्हील विमाने उडवायला शिकवणे हा माझा व्यवसाय. असे एखादे लहान विमान उतरल्यावर धावपट्टीवर गरकन फिरले, की चौकशी अहवालाच्या शेवटी ठरलेले वाक्य येते : वैमानिकाला विमानाची दिशा राखता आली नाही. झाले काय, ते यात कळते. का झाले, हे विचारायच्या आतच फाइल बंद होते.

नाकाखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ते जरा तिरके टेकले तरी आपसूक सरळ होते. टेलव्हील विमानात तो मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान वाकडे टेकले की चाके घासून रोखू लागतात, मागचे वजन मात्र पुढे रेटत राहते आणि वाकडेपणा वाढतच जातो. दोरीने ओढलेले ओझे मुकाट मागे येते, काठीने ढकललेले बाजूला निसटते, तसेच हे. यालाच आम्ही ग्राउंड लूप म्हणतो. पंखाचे टोक घासते, कधी चाकाचा पाय मोडतो, प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावे लागते.

त्यातून वेग उतरतो तसा रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, निकामी होत जातो. म्हणजे ‘उतरलो एकदाचे’ असे वाटते, नेमकी तेव्हाच विमानावरची पकड सर्वांत कच्ची असते. क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, असेल तर उभी शेपटी वारा झेलते आणि नाक वाऱ्याकडे वळू लागते. आता भिस्त टेलव्हीलवर. बऱ्याच विमानांत हे चाक स्प्रिंगांनी रडरला जोडलेले असते आणि ठरावीक कोनापलीकडे वळले की मोकळे सुटून कसेही फिरते. जागेवर वळवताना हीच सोय लागते. पण आतले भाग झिजले असतील तर ते नको तेव्हा सुटते. मग उरतो एका बाजूचा ब्रेक. तो जोरात दाबला तर नाक जमिनीत!

आता सांगा, टेलव्हीलची झीज कोणी मोजली का? वारा कुठला नोंदवला, टॉवरवरचा की चाके टेकली तिथला? शेजारच्या हँगरमागून येणारा वारा टॉवरला कळतही नाही. धावपट्टी गवताची होती की डांबरी? गवतावर टायर थोडे आडवे घसरून चूक पोटात घालतात, डांबर पकडून धरते. तिन्ही चाके एकदम टेकवणारे थ्री-पॉइंट लँडिंग होते की आधी मुख्य चाके टेकवणारे व्हील लँडिंग? आणि वैमानिक याआधी आडव्या वाऱ्यात शेवटचा कधी उतरला होता?

आयसीएओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, हिच्या परिशिष्ट 13 नुसार चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे नव्हे. त्याच परिशिष्टात अपघाताची व्याख्या आहे आणि कोणाला इजा नसेल तर नुसत्या पंखाच्या टोकाचे, प्रोपेलरचे किंवा चाकांचे नुकसान त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे बहुतेक बोलके ग्राउंड लूप अपघातांच्या मोजणीत येतच नाहीत. माझ्या मते खरे नुकसान इथे होते.

प्रशिक्षणाचे नियम आहेत. अमेरिकेत टेलव्हील विमानासाठी वैमानिकाच्या लॉगबुकात प्रशिक्षकाने केलेली वेगळी नोंद लागते, 15 एप्रिल 1991 पूर्वी असे विमान कॅप्टन म्हणून उडवलेल्यांना सूट आहे. प्रवासी न्यायचे तर गेल्या 90 दिवसांत 3 उड्डाणे आणि विमान पूर्ण थांबवून 3 लँडिंग हवीत. ‘पूर्ण थांबवून’ ही अट ज्याने घातली त्याला हा विषय कळला होता. पण ती तिन्ही लँडिंग शांत हवेत केली तरी चालतात. वारा किती हवा, हे ठरवायला आधी माहिती हवी आणि ती आपण गोळा करत नाही.

म्हणून मागणी एवढीच : वरचे प्रश्न चौकशीच्या नमुन्यात सक्तीचे करा, आणि पंखाचे टोक घासण्याइतक्या किरकोळ घटनाही दंडाच्या भीतीशिवाय कळवता येतील अशी सोय करा. नमुन्याच्या मसुद्यावर आपल्या अधिकाऱ्यांबरोबर बसायला मी तयार आहे, सोबत एखादा मेकॅनिकही हवा. टेलव्हील उघडून पाहणारा तोच असतो.

कळावे,
एक टेलव्हील प्रशिक्षक