बोधचिन्ह निवडताना आधी माल पाहावा

महोदय,

यंदा सोलापूरच्या गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, होम मैदानावर शेंगाचटणीच्या दुकानांपुढून जाताना एक गोष्ट मनाला फार लागली. जवळजवळ प्रत्येक पुडीवर चित्र तेच होते: फोडलेली शेंग, शेजारी उखळ आणि मागे सिद्धेश्वर मंदिराचे शिखर. गेल्या वर्षी ज्यांची चटणी घरी सगळ्यांना आवडली होती, त्यांची पुडी मला शोधूनही ओळखता आली नाही, कारण त्यांचे नाव त्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. गिऱ्हाईक परत यायला तयार आहे आणि त्याला वाटच सापडत नाही, असे हे नुकसान आहे.

मी टॉवेल विणतो आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही बोधचिन्ह म्हणून एक गोल मुद्रा करून घेतली. तिच्यात मंदिर, तलाव, माग, स्थापनेचे वर्ष आणि कडेने फर्मचे नाव असे सारे होते. संगणकाच्या पडद्यावर ती शोभून दिसली. टॉवेलच्या कोपऱ्यावर दोन इंचांत तिचे भरतकाम होऊन आले, तेव्हा शिखराच्या जागी दोऱ्याची गाठ उरली होती आणि आमच्या नावातल्या 'ध'च्या डोक्यावरची शिरोरेषेची फट बुजून त्याचा 'घ' झाला होता. परगावच्या एका व्यापाऱ्याने पुढची मागणी त्या चुकीच्या नावानेच पाठवली. दोष भरतकाम करणाऱ्याचा नव्हता. दोन इंचांत जे मावत नाही ते आम्ही मागितले होते. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा द्यावीच लागते, आणि गोलाच्या कडेने नाव वळवले की नेमकी तीच जागा आधी जाते.

म्हणून नव्या उद्योजकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, बोधचिन्ह कोणत्या प्रकारचे हवे हे ठरवण्याआधी ते कशावर उमटणार आहे ते पाहावे. अनेकांना नुसत्या चित्राची ओढ असते आणि उदाहरण म्हणून नायके या बुटांच्या कंपनीची ती एक रेघ दाखवली जाते. ती रेघ १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन यांनी काढली, पण कंपनीने तिच्यासोबतचे नाव काढून टाकले ते १९९५ मध्ये, म्हणजे जगभर जाहिरात करून झाल्यावर. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आज नावाशिवाय ओळखू येते, कारण ते गावोगावच्या शाखांवर वर्षानुवर्षे दिसत आले आहे. आद्याक्षरांचेही तसेच आहे. एसटीला एसटी लोकांनीच म्हटले. दोन भागीदारांची आद्याक्षरे जोडून केलेले चिन्ह त्या दोघांच्या घराबाहेर कुणाला काही सांगत नाही. अमूलच्या मुलीसारखे पात्र करावे असेही काही जण सुचवतात, पण १९६६ पासून ती सतत नव्या जाहिरातीत लोकांपुढे येत राहिली म्हणून लक्षात राहिली, आणि तेवढा खर्च आपल्यापैकी किती जणांना झेपेल?

माझ्या मते सोलापुरातल्या छोट्या कारखानदाराने आणि घरगुती उद्योगाने आपले नावच ठसठशीत, स्वतःच्या वळणाच्या देवनागरी अक्षरांत काढून घ्यावे आणि तेच बोधचिन्ह मानावे. सोबत चित्र हवेच असेल तर ते एकच आणि साधे असावे, म्हणजे नाव छापायला जागा नसेल तिथे ते एकटे वापरता येईल. काळ्या एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढे छापून ते वाचता येते का, हे पैसे चुकते करण्याआधी पाहावे. टॉवेल किंवा चादर असेल तर प्रत्यक्ष नमुना विणून घ्यावा.

यात कायद्याचाही भाग आहे. 'सोलापूर चादर' आणि 'सोलापूर टेरी टॉवेल' यांना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख, आहे. ही नावे साऱ्या विणकरांची आहेत, एकट्याची नव्हेत. वस्तूचा प्रकार किंवा गावच सांगणाऱ्या शब्दाला १९९९ च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याखाली सहसा नोंदणी मिळत नाही. वेगळेपण असलेले नाव नोंदले की दहा वर्षे संरक्षण मिळते आणि पुढे नूतनीकरणही करता येते. नोंदणी मालाच्या ठरलेल्या वर्गानुसार होते: टॉवेलसाठी वर्ग २४, चटणीसाठी वर्ग ३०, हे अर्ज करण्याआधी माहीत असावे.

शहरातील उद्योजक संघटनांनी आणि कला महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा तरी अशी शिबिरे घ्यावीत, जिथे अक्षरलेखन शिकणारे विद्यार्थी, माग चालवणारे आणि पुड्या छापणारे एका टेबलाभोवती बसतील. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारे जुने पेंटर आपल्याकडे अजून आहेत. लांबून वाचता येणारे अक्षर कसे असते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही, त्यांनाही अगत्याने बोलवावे. पुढच्या गड्ड्याच्या आधी असे एक शिबिर झाले, तर माझे दोन्ही टॉवेल, बिघडलेला आणि सुधारलेला, मी तिथे दाखवायला घेऊन येईन.

आपला,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर