ॲप काढून टाकण्याआधी

पांढरकवडा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनात जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाकल्यापासून पैसे पाठवायचं ॲप उघडत नाही, जाहिराती तरी येतातच, आणि दुपारपर्यंत ब्लॉकर आपोआप बंद पडतो, म्हणून सगळंच काढून टाकतो असं तू लिहिलंस. थोडं थांब बाप्पा. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एकेक करून पाहिल्या तर तासाभरात निस्तरतील.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. परगावचा माणूस आला की पानठेल्यावर विचारतो, अमक्याचं घर कुठं? फोनातलं प्रत्येक ॲप असंच सर्व्हरचं नाव सांगून पत्ता विचारतं. त्या विचारपूस करायच्या सोयीला डीएनएस म्हणतात. ब्लॉकर त्या ठेल्यावर बसतो आणि जाहिरातवाल्याचं किंवा पाळत ठेवणाऱ्याचं नाव आलं की ‘इथं असा कोणी राहत नाही’ म्हणून परत पाठवतो. पण जाहिरातवाला घरमालकाच्याच घरात राहत असेल तर ठेलेवाला काही करू शकत नाही. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या ॲपमधल्या जाहिराती त्यांच्याच सर्व्हरवरून येतात, त्या अशा ब्लॉकरनं थांबत नाहीत. त्यासाठी फायरफॉक्स ब्राउझर घे, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं जाहिरात अडवणारं पुरवणी-साधन, टाक आणि यूट्यूब त्यातच उघड. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ते टाकता येत नाही.

आता तुझ्या ‘तरी येतातच’मधला दुसरा भाग. वरून खाली ओढल्यावर ‘लॉटरी लागली’, ‘फोनात व्हायरस’ असं दिसतं ना? बहुतेक वेळा ती जाहिरात नसतेच. एखाद्या साइटनं ‘अलाउ’ विचारलं आणि कोणीतरी दाबलं, तिची ती नोटिफिकेशन असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथं परवानगी मिळालेल्या साइटींची यादी असते. अनोळखी दिसेल ती काढ. वहिनींच्या फोनातही पाहा. आणि काही उघडलेलं नसताना पूर्ण स्क्रीन भरून जाहिरात आली तर ती बंद करायची घाई करू नको. अलीकडच्या ॲप्सचं चौकोनी बटण दाब. ज्या ॲपचं चिन्ह वर दिसेल, तोच बहुतेक चोर. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोन साफ करायचं ॲप असलंच काहीतरी निघतं. ते काढूनच टाक, त्याला ब्लॉक करत बसू नको.

दुपारनंतर बंद पडण्याचं कारण फोनच आहे. बॅटरी वाचवायला तो मागं चालणारी ॲप्स मारतो, आणि स्वस्त फोन तर फारच मारतात. वरच्या पट्टीवर किल्लीचं बारीक चिन्ह दिसतं ते पाहत जा. किल्ली आहे तोवर ब्लॉकर जागा आहे, गेली की झोपला. उपाय असा: ब्लॉकरच्या ॲप इन्फोमध्ये जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ कर, ऑटोस्टार्ट असेल तर चालू कर. ब्लॉकर फोनात व्हीपीएन, म्हणजे नेट आपल्या वाटेनं वळवणारी सोय, म्हणून चालतो. मग सेटिंगमधल्या व्हीपीएनच्या पानावर ब्लॉकरच्या नावापुढच्या दातेरी चाकावर टिचकी मार आणि ‘ऑलवेज-ऑन’ लाव. त्याखालीच ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा’ अशा अर्थाचं दुसरं बटण आहे, ते सध्या बंदच ठेव.

ते बंद का, तर त्यातच तुझं पैशांचं ॲप अडकलेलं असू शकतं. बँकेची आणि यूपीआयची काही ॲप्स व्हीपीएन दिसला की उघडत नाहीत. हा ब्लॉकर तुझं नेट कुठं दूर नेत नाही, फोनातच गाळतो, तरी फोनाच्या लेखी तो व्हीपीएनच. म्हणून आपण त्या ॲपला ब्लॉकरमधून वगळतो. पण ते दुसरं बटण चालू असेल तर वगळलेल्या ॲपला नेटच मिळत नाही. तेव्हा आधी बटण बंद, मग ॲप वगळ, मग ते फोर्स स्टॉप करून पुन्हा उघड. आणि अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. दोन ब्लॉकर टाकले असशील तर दुसरा चालू होताच पहिला पडतो.

वगळूनही नाही जमलं, किंवा बाजारभावाचं एखादं ॲप नुसतं गोल गोल फिरत बसलं, तर ब्लॉकरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघड. रीथिंक डीएनएससारख्या ब्लॉकर ॲपमध्ये कोणत्या ॲपनं कोणतं नाव विचारलं आणि काय अडवलं, हे ओळीनं दिसतं. लॉग साफ कर, अडलेलं ॲप उघड, दहा सेकंदांनी परत येऊन पाहा. त्या दहा सेकंदांत अडवलेली चार-पाच नावं असतील. ज्यात ‘ॲड’, ‘ट्रॅक’, ‘अ‍ॅनालिटिक्स’ असं काही नाही, त्याला आधी ब्लॉकरमधून जाऊ दे. एका वेळी एकच. विमान मोड लावून काढ म्हणजे जुनी उत्तरं सहसा पुसली जातात, मग तपास. सगळी एकदम सोडलीस तर दोष कोणात होता ते कधीच कळणार नाही. एसएमएसमधली लिंक उघडत नसेल तरी हीच गोष्ट. ती बरेचदा मोजणी करणाऱ्या सर्व्हरवरून फिरून जाते.

माझं मत विचारशील तर ज्याला लॉग पाहायचा नाही त्यानं ॲप टाकूच नये. अँड्रॉइड ९ पासून फोनातच ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, मराठी फोनात ‘खाजगी डीएनएस’. सेटिंगच्या शोधपट्टीत टाक, सापडेल. तिसरा पर्याय निवडून ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सेवेचं नाव लिही: डीएनएस, ठिपका, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, ठिपका, कॉम. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही, पुढं एचटीटीपीएस नाही. आकड्यांचा पत्ता तिथं चालत नाही. यात किल्ली दिसत नाही, त्यामुळं व्हीपीएन पाहून अडणारी ॲप्स सहसा चालतात. बॅटरीवरही वेगळा भार नाही. ब्लॉकर ॲप ठेवणार असशील तर मात्र हे ‘ऑफ’ कर. नाहीतर विचारणा बंद पाकिटातून परस्पर बाहेर जाते आणि ब्लॉकरला काही दिसतच नाही.

खाजगी डीएनएस लावल्यावर नेटच गेलं तर आधी घड्याळ पाहा. लाइन नाही, फोन पूर्ण मेला, परत लावला आणि तारीख मागची दाखवतोय, असं झालं की सर्व्हरचं प्रमाणपत्र फोनाला खोटं वाटतं आणि सगळं अडतं. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेव. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान येत नसेल तर तेवढ्यापुरतं खाजगी डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ कर, नंतर परत नाव लाव. वावरात टॉवरची एखादीच काडी असेल तिथंही हे अडखळतं. तिथं हाच उपाय. आणि तुझ्या हॉटस्पॉटवर पोरांचा फोन जोडलास तर तुझा ब्लॉकर त्यांच्यासाठी काम करत नाही, त्यांच्या फोनात वेगळं लावावं लागतं.

ब्लॉकर लावला म्हणून परवानग्या विसरू नको. खताच्या दुकानाच्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला पाहिजेत? काढून घे. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्स’ आहे, तिथं जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले तुझा फोन ओळखतात तो क्रमांक, पुसता येतो, तेही कर. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखानं सांगितलं. त्या नवांत आपले नागपूरचे शरद बोबडेही होते. तो हक्क शेतकऱ्याच्या सात हजारांच्या फोनालाही तेवढाच लागू आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आज रात्री आधी तारीख आणि बॅटरीचं सेटिंग पाहून घे. पैशांचं ॲप तरीही अडलं तर लॉगचा स्क्रीनशॉट पाठव, नावं नीट वाचता येतील असा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र