आईने रजा मागितली

वारजे, पुणे
रविवार दुपार

प्रिय मुग्धे,

पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. आम्ही सगळे बरे. माझी कंबर तशीच, आईचं बीपी गोळीवर, इराला सर्दी.

लिहायचं कारण म्हणजे आईने माझ्याकडे रजा मागितली. मी डबा भरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "पुढच्या महिन्यात मिरजेला जाईन म्हणते, चार-पाच दिवस. चालेल का तुला?" आणि पदराला हात पुसत उभीच राहिली. आमची कामवाली सुनीता रजा मागताना अगदी अशीच उभी राहते गं! तुझ्या त्या मार्कांच्या भानगडीत हेडबाईंना उभ्या उभ्या झापणारी आपली आई, आणि मला विचारते, चालेल का.

ती गेल्यावर कालनिर्णय बघितलं. दुधाचे आकडे, सुनीताच्या खाड्यांच्या फुल्या. आईची एकही फुली नाही, कारण तिचा हिशोबच कुणी ठेवत नाही. समीर म्हणाला, "आईंना दरमहा काहीतरी देऊया." म्हटलं, तूच बोल. बोलला. त्या रात्री त्याला दुसरी पोळी स्वतः उठून घ्यावी लागली.

तू म्हणशील, पाळणाघरात घाल असं मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं होतंस, लक्ष्मी रोडवर, भर गर्दीत, आणि त्यानंतर मी कितीतरी दिवस तुझा फोन घेतला नव्हता. मला ते अजूनही पटलेलं नाही. पोरीला ताप आला की पाळणाघरातून फोन येतो, घेऊन जा. मग धावतं कोण? आईच. 2017 पासून 50 किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावीच लागते. आमच्यांनी केलीये की, हिंजवडीत कुणाशी तरी टायअप. वारज्यातून त्या ट्रॅफिकमध्ये रोज पोरीला न्यायचं म्हणजे ती तिथे पोचेपर्यंत शाळेच्या वयाची होईल. 26 आठवडे रजा दिली, पुढचं आज्या बघतील असं बहुतेक दिल्लीतही ठरलेलं असावं.

आणि सुनीता. तिचा धाकटा गावी औशाला, तिच्या आईकडे. परवा इरा वरणभात खाईना, तर हिने फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तिची आई त्याला भरवतेय, इकडे ही हिला. "एक घास सोन्याचा, एक घास इराताईचा." इराने वाटी चाटूनपुसून संपवली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसती बघत बसले. त्या औशाच्या आजी कुणाकडे रजा मागत असतील?

सुनीताचं निदान बोलता येतं. पगार आहे, दिवाळीला बोनस आहे, नाही पटलं तर दुसरं घर आहे. 1980 साली तर पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या होत्या. आईला संप कर म्हटलं तर आधी माझा डबा भरेल, इराला झोपवेल आणि मग संपावर बसेल.

तुझं काय? सासू-सासऱ्यांचे सहा महिने संपत आले ना? तुमच्याकडे परदेशात बरं, एअरपोर्टवरच परतीची तारीख ठरते, आजीची ड्युटी कधी संपणार ते सगळ्यांना माहीत. आता मंदाकाकू येणार का? ईशानचा दात पडला का? नोकरीचं सविस्तर लिही, मागच्या वेळी अर्ध्यातच सोडलंस.

तर, आई जातेय. चार-पाच दिवस नाही, चांगली पंधरा दिवस. कोयना एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. पहिला आठवडा समीर सुट्टी घेणार, दुसरा मी. त्याच्या साहेबाने "का, बायको आजारी आहे का?" असं विचारलं म्हणे. परतीचं तिकीट काढायचं की नाही यावर मात्र आमचं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो, काढून ठेव, नंतर मिळणार नाही. मी म्हणते, तिला कधी यायचं ते तिचं तिला ठरवू दे. आणि रात्री जागी राहून विचार करते, नाहीच आली तर?

तिला मिरजेला फोन कर. दुपारी दोन ते चार नको, झोपू दे तिला. मंदाकाकूंचं लोणचं कुणाबरोबर पाठवू तेही कळव, बरणी इथे पडून आहे आणि समीरचा तिच्यावर डोळा आहे.

तुझी,
शमा