बोट तयार आहे, प्रश्न गाडीचा आहे

फोंडा, गोवा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सोळा फुटांची बोट ओढायला आपली वॅगन आर असताना दुसरी गाडी कशाला, असे तुम्ही फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे पत्र.

आधी बोटीविषयी. बाहेरून तिचे फायबर धडधाकट दिसत होते. पण ज्या मागच्या फळीवर इंजिन अडकवतात, तिच्यावर हातोडीने हलके ठोकत गेल्यावर वरच्या भागात टणक आणि खाली बद्द आवाज येऊ लागला. तिथे भोक पाडताच तपकिरी पाणी ओघळले. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी मुरत राहून फायबरच्या दोन थरांमधले प्लायवूड पार कुजले होते. मिस्त्रींनी आतला थर कापला, कुजका भुसा खरवडून काढला, तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचे, पाण्यात टिकणारे मरीन प्लायवूड इपॉक्सीने बसवले आणि पावसाळ्याची दमट हवा सरल्यावरच वरून नवे फायबर चढवले. आई, खर्चाचा मोठा भाग या न दिसणाऱ्या फळीत गेला आहे, रंगात नव्हे. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाने त्या मानाने कमी त्रास दिला: कार्बोरेटर साफ केला, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) बदलला आणि गिअरचे तेल दुधाळ झाले होते म्हणून सीलही नवे घातले.

बोट झुआरी नदीत बांधून ठेवली तर तळाला कालवे चिकटतात, म्हणून ती घरी ठेवून दर वेळी नदीकाठच्या दुर्भाटला नेणे मला पटते. तिथेच गाडीचा प्रश्न उभा राहतो. बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन ७०० किलोंच्या घरात जाते आणि आपल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्यामुळे फोंड्याच्या उतारांवर तो हलक्या गाडीला मागून रेटणार. शिवाय ट्रेलर हेलकावू नये म्हणून त्याच्या वजनाचा सुमारे ७ ते १० टक्के भार गाडीच्या मागच्या हुकावर ठेवावा लागतो. वॅगन आरला जोर पुढच्या चाकांचा, आणि ओहोटीला शेवाळलेल्या उतारावरून बोट वर काढताना हा भार मागे बसून नेमकी तीच चाके हलकी होतात व जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून जुन्या बनावटीची, चारही चाकांना जोर देणारी डिझेलची थार पाहून ठेवली आहे. तिचा लो गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) मला तिच्या रुबाबापेक्षा महत्त्वाचा वाटतो (दादाला मात्र रुबाबच दिसला). चासी खालून गंजलेली नाही ना, हे गॅरेजवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी पैसे देणार नाही, कारण किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा रंग पाहून काहीच कळत नाही. ट्रेलरचीही आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी लागते. ते कागद मूळ मालकाने जपून ठेवले होते.

दोन गाड्या ठेवायला अंगणात जागा नाही आणि ऐपतही नाही, म्हणून वॅगन आर विकावी असे मला वाटते. ती तुमच्या नावावर आहे, बाबा. तुमची संमती असेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे नमुना २९ आणि ३० सोबत पाठवत आहे, त्यांवर सह्या करून दादाबरोबर पाठवावेत. नसेल तर थारवाल्याला मी तसे कळवीन.

तुमची,
धाकटी