पोर्ट २५ बंद करता, तर ग्राहकाला सांगा

महोदय,

मी इतवारीतल्या बारा दुकानांचे हिशेब लिहितो. जीएसटीचे मासिक विवरणपत्र वीस तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे माझी नुसती धावपळ. नेमके सतरा तारखेला मी घरी नवे फायबर कनेक्शन घेतले आणि अठराच्या सकाळपासून माझ्या संगणकातून एकही मेल जाईना. येणारे मेल मात्र बरोबर येत होते. आउटबॉक्समध्ये चौदा मेल अडकून बसले.

इंटरनेटवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "नेट चालू आहे ना, मग तुमच्या मेलचा प्रॉब्लेम." मेलवाले म्हणाले, नेटवाल्यांना विचारा. एक मुलगा घरी आला, राउटर दोनदा बंद-चालू करून गेला. दोन दिवस यातच गेले.

शेवटी आमच्या शेजारी अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीने मेलच्या सेटिंगमध्ये एक लहानशी चौकट दाखवली. तिथे २५ लिहिले होते. मेल पाठवण्याचा तो जुना पोर्ट, म्हणजे संगणकाच्या वाहतुकीतला ठराविक क्रमांकाचा दरवाजा. व्हायरस शिरलेले घरगुती संगणक याच दरवाजातून ढिगाने स्पॅम पाठवतात, म्हणून अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी तो बंद ठेवतात. मेल सर्व्हर, म्हणजे मेलची ने-आण करणारे मेल कंपन्यांचे संगणक, एकमेकांशी आजही २५ वरूनच बोलतात. आपल्यासारख्यांनी आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायचा तो ५८७ किंवा ४६५ वरून. तिने २५ खोडून ५८७ टाकले, एनक्रिप्शन, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करणे, सुरू केले. आउटबॉक्सचा आकडा तेरा झाला, बारा झाला. शून्य होईपर्यंत मी तिथून उठलो नाही.

२५ बंद करण्याला माझी अजिबात हरकत नाही, ते योग्यच आहे. पण बंद केले हे ग्राहकाला सांगायला नको का? कनेक्शनच्या फॉर्मवर माझ्या सहा सह्या घेतल्या, ही एक ओळ मात्र कुठेच नव्हती.

त्याहून गंभीर गोष्ट त्या मुलीला नंतर सापडली. माझे येणारे मेल ११० वरून, कसल्याही एनक्रिप्शनशिवाय उतरत होते. कित्येक वर्षांपूर्वी कुणी तरी तसे लावून दिले होते. म्हणजे दर दहा मिनिटांनी माझा पासवर्ड उघडा जात होता, आणि माझ्याकडे बारा दुकानांची कागदपत्रे! आता पीओपीसाठी, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या माझ्या पद्धतीसाठी, ९९५ लावले आहे. मोबाइलवरही तेच मेल पाहायचे असतील तर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत, बरे; त्याचा सुरक्षित पोर्ट ९९३, साधा १४३.

ब्राउझरमध्ये मेल उघडणाऱ्यांना हे काही करावे लागत नाही. पण महाल, इतवारी, गांधीबागेत माझ्यासारखे जुन्या पद्धतीने मेल प्रोग्रॅम वापरणारे हिशेबनीस, वकील, छापखानेवाले पुष्कळ आहेत. शहरातल्या इंटरनेट कंपन्यांनी कनेक्शन देतानाच कोणता पोर्ट बंद आहे आणि त्याऐवजी कोणता वापरायचा, हे मराठीत छापलेल्या कागदावर द्यावे. घरी येणाऱ्या मुलांनाही तेवढे शिकवावे. आपणही हे चार आकडे एकदा ठळक चौकटीत छापावेत, ही विनंती : पाठवायला ५८७ किंवा ४६५, घ्यायला ९९३ किंवा ९९५.

– एक हिशेबनीस, इतवारी, नागपूर